टर्बो आणि सोमवारचं मौन

"काटा लाल रेघेला टेकला, की पाय काढायचा. मग समोर सडा असो की सासुरवाडी."

हातखंब्याच्या अहमद मिस्त्रींनी आमच्या जुन्या जीपला टर्बो आणि त्याच्या दाबाचा काटा बसवला, तेव्हा आमच्या ह्यांना असं बजावलं होतं. मलाही समजावलं होतं, "भाबी, धुराच्या जोरावर आतलं चाक फिरतं आणि इंजिनात वारा कोंबतं. वारा जास्त झाला, की ही बारीक नळी एक झडप उघडवते. जादा धूर चाकाला न लागता परस्पर बाहेर. नळीला हात लावू नका."

ह्यांनी पहिला हात नळीलाच लावला. येत्या रविवारी चिखलातल्या गाड्यांची शर्यत. जोर वाढावा म्हणून ह्यांनी आणि शेजारच्या लवूभावजींनी नळी उपसून तिच्या तोंडात खिळा ठोकला. आता झडप उघडायची कशी? आणि मंगळवारी ह्याच जीपनं वरच्या कातळाच्या सड्यावर राहणाऱ्या सोनूबाईंना डोळ्याच्या ऑपरेशनला रत्नागिरीला न्यायचा ह्यांनी शब्द दिलेला. तिथवर दुसरी गाडी चढत नाही.

तो सोमवार. सोमवारी दिवेलागणीपर्यंत माझं मौन असतं. म्हणूनच चढणीवर जीप चालवून बघायला जाताना मला पुढं बसवलं.

"लवू, आज कमळा बडबडायची नाय. बरा दिवस गावलाय," हे मागं वळून म्हणाले.

"तू पण धर की सोमवार, नितेश. वाडीला तेवढीच शांतता."

ह्यांनी पाय दाबला. जीप अशी उसळली, की माझा पदर मागं भावजींच्या तोंडावर. जांभ्याचे खडे उडाले. काटा लाल रेघ ओलांडून गेला. मी बोट दाखवलं.

"काटा खोटा सांगतो गो."

करपल्याचा वास आला. मी मनातला जप थांबवला, वाकले आणि दोन्ही हातांनी ह्यांचा गुडघा धरून पायच उचलला. काटा उतरला, जीप गुरगुरत थांबली.

लवूभावजी पोट धरून हसले. "तोंडाचं मौन हाय, नितेश. हातांचं कुठं हाय?"

संध्याकाळी दिवा लावून मी पहिलं बोलले, "इंजिन फुटलं असतं तर सोनूबाईंना काय सांगणार होतात?"

"पण रविवारी हरलो तर लोक हसतील."

"हसू देत. सोनूबाईंनाही ते हसताना दिसू देत."



मंगळवारी सकाळी मी पूजेची फुलं काढत होते. ह्यांनी खिळा काढून नळी जागेवर बसवली, मागच्या सीटवर गोधडी अंथरली आणि हॉर्न न वाजवता सड्याकडं निघाले.