दुसरेपणाची जोडीदार

एकाच देशाच्या दोन जोड्या समोरासमोर आल्या की आमच्याकडे तिला भाऊबंदकीची मॅच म्हणतात. त्या दिवशी कोच कोर्टाशेजारच्या खुर्चीत बसत नाहीत. बसणार तरी कुणाच्या मागे? दोन्हीकडच्या पोरी त्यांच्याच. आमचे कोच पाक दार्मोको, पाक म्हणजे सर, सकाळी नाश्त्याला दोन्ही टेबलांवर सारखंच हसले, दोन्हीकडे "नीट खेळा" म्हणाले आणि जे गायब झाले ते झाले. वर प्रेक्षकांत कुठेतरी टोपी डोळ्यांवर ओढून बसले असतील. खाली दोन रिकाम्या खुर्च्या आणि आम्ही चौघी.

म्हणायला ती उपांत्यपूर्व फेरी होती, पण जकार्तातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं की ही ऑलिंपिकची मॅच आहे. बॅडमिंटनच्या महिला दुहेरीत यंदा आमची एकच जोडी जाणार होती. दोन जोड्यांचे गुण जवळजवळ सारखे, आणि गुण मिळवायची ही शेवटची स्पर्धा. आज जी जिंकेल ती जाणार, हरेल तिने घरी बसून टीव्ही बघायचा.

एका बाजूला मी आणि म्बाक वेनिंग. म्बाक म्हणजे ताई, आणि ही ताई माझ्याहून चांगली नऊ वर्षांनी मोठी. दुसऱ्या बाजूला काक रोसविता आणि जेसलिन. काक म्हणजेही ताईच. काक रोस वेनिंगच्या वयाची, तिखटासाठी प्रसिद्ध मिनाहासा भागातली, जेवणात मिरची कमी पडली तर आचाऱ्याला बाहेर बोलावून घेणारी. जेसलिन माझ्या वयाची, माझ्यासारखीच ताईची पिशवी उचलणारी. आणि मी गेंदिस. गेंदिस म्हणजे साखर. आईने फार आशेने नाव ठेवलं, पण जीभ आजीवर गेली.

आता खरं दुखणं सांगते. वेनिंग आणि रोसविता ही आधीची जोडी. शाळेच्या वयापासून एकत्र खेळलेल्या, एकत्र वाढलेल्या. दोन वर्षांपूर्वी हरायला लागल्या तेव्हा पाक दार्मोकोंनी त्यांचा काडीमोड करून टाकला. राष्ट्रीय संघाच्या शिबिरात आम्ही हाच शब्द वापरतो. मग दोघींच्या गळ्यात एकेक तरुण पोरगी बांधली. म्हणजे मी दुसरेपणावर दिलेली! पहिलीचं कौतुक घरादारात अजून चालूच. प्रेक्षक अजून "वेनिंग-रोस!" ओरडायचे आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की ओशाळून माझं नाव घ्यायचे. कहर म्हणजे शिबिरात त्या दोघी अजून एकाच खोलीत राहत होत्या. खोली बदला असं कुणी म्हटलं नाही, त्यांनी मागितली नाही. दिवसभर ती माझी जोडीदार, खोलीचं दार लावलं की तिची. याचा मला राग होता आणि तो मी कधी लपवला असेन असं वाटत नाही.

आदल्या दिवशी जेवताना मी विषय काढला होता.

"म्बाक, काक रोसचा डावा गुडघा बघितलात? पट्टी आता मांडीपर्यंत आलीये. तिला पुढे डाव्या कोपऱ्यात खेचायचं आणि लगेच मागे उंच टाकायचं. त्या पायावर तिला वळताच येत नाही."

वेनिंग टेंपेची तळलेली सोयावडी सांबालच्या तिखट चटणीत बुडवत राहिली. "हं," म्हणाली.

आमच्या जावात "हं"चा अर्थ हो असतो, नाही असतो आणि "आता पुरे" असाही असतो. कुठला ते ऐकणाऱ्याने ओळखायचं. मोठ्या माणसाला "हं म्हणजे काय?" असं विचारणं म्हणजे आईबापांनी काही शिकवलंच नाही असं जाहीर करणं. मला हो हवं होतं, मी हो ऐकलं.

मॅच सुरू झाली. आमच्या स्टेडियममध्ये प्रत्येक फटक्याला हजारो माणसं एकदम ओरडतात. एरवी फक्त आपल्या फटक्याला ओरडतात, त्या दिवशी सगळेच आपले, म्हणून चौघींच्याही फटक्याला. कानठळ्या बसत होत्या. जोडीदार "सोड!" म्हणून किंचाळली तरी ऐकू येत नव्हतं, ओठ बघून खेळायचं. पहिली गेम आम्ही घेतली. माझे स्मॅश त्या दिवशी असे बसत होते की मला स्वतःचाच हेवा वाटावा.

पण एक गोष्ट खुपत होती. काक रोसच्या डाव्या कोपऱ्यात शटल टाकत होते ती मी एकटीच. मी तिला पुढे ओढून आणायची, आणि पुढचा फटका वेनिंगकडे आला की ती तो भलतीकडेच मारायची. मी कोंडी करावी, हिने दार उघडून द्यावं. दुसऱ्या गेममध्ये हेच चालू राहिलं आणि ती गेम आम्ही हरलो. मधल्या सुट्टीत मी तिच्या तोंडाकडे बघत बसले. कोच असते तर त्यांनीच तिची खरडपट्टी काढली असती. वेनिंगने मान पुसली, पाणी प्यायली. "हवा त्यांच्या बाजूने आहे, उंच टाकताना जोर लाव," एवढंच म्हणाली.

तिसऱ्या गेममध्ये ते घडलं. आम्ही मागे होतो. एका लांब रॅलीत काक रोस जाळीजवळ डावीकडे अडकली, गुडघा वाकलेला, उठता येईना. तिच्या मागे अख्खं कोर्ट ओसाड. शटल वेनिंगच्या डोक्याएवढ्या उंचीवर, आरामात आलेलं. गल्लीत चप्पल घालून खेळणाऱ्या पोरानेही ते रोसच्या डोक्यावरून मागे ढकललं असतं. वेनिंगने ते नेऊन जेसलिनच्या रॅकेटवर ठेवलं. जेसलिनने दणकून परत मारलं आणि गुण त्यांचा. आणि तेव्हा मी पाहिलं, काक रोसने उठता उठता वेनिंगकडे बघून अगदी हळूच मान हलवली. आभार मानल्यासारखी.

माझं डोकं फिरलं. अकरा गुण त्यांचे आधी झाले, मिनिटभराची सुट्टी झाली. बाजू बदलून आम्ही त्या रिकाम्या खुर्चीपाशी आलो. तिच्याशी असं बोलायचं माझं वय नव्हतं, जागा नव्हती. पण मी बोलले.

"तुम्ही तिला जिंकवताय."

वेनिंगने बाटली तोंडापासून खाली घेतली.

"आंधळी नाहीये मी. तुम्हाला ऑलिंपिक दान करायचंय ना मैत्रिणीला? करा. तुमच्या वाटचं करा. माझ्या वाटचं कोण तुम्ही देणार? माझ्या बापाने मला इथे पाठवायला काय काय केलंय ते माहितीय तुम्हाला?"

"गेंदिस, हळू."

"का हळू? कोण ऐकतंय? दोन वर्षं तुझ्या पिशव्या उचलतेय मी. तू नक्की कुणाची जोडीदार आहेस?"

तू. मोठ्या बहिणीला, पदकं मिळवलेल्या बाईला, जावाच्या पोरीने भर स्टेडियममध्ये अगंतुगं केलं होतं. जीभ झडली असती तर बरं असं वाटलं, आणि तरी शब्द परत घ्यावासा वाटला नाही. वेनिंग रागावली नाही. बाटलीचं झाकण नीट लावलं, बाटली खाली ठेवली.

"बरं," म्हणाली.

पंचांनी बोलावलं. पहिल्याच रॅलीत वेनिंगने शटल जाळीवरून अलगद काक रोसच्या डाव्या कोपऱ्यात सोडलं. रोस आली, कसंबसं उचललं. वेनिंगने तेच तिच्या डोक्यावरून मागे टाकलं. रोस वळली, गुडघ्याने दगा दिला आणि ती जमिनीवर बसली. सगळं स्टेडियम एकदम हळहळलं. एक हात टेकून उठताना तिने जाळीपलीकडून वेनिंगकडे पाहिलं. ती वेदना नव्हती. "हे काय?" असं विचारत होती ती. वेनिंग रॅकेटच्या तारा सरळ करत होती.

पुन्हा तेच, आणि पुन्हा. आम्ही बरोबरीला आलो. मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, खोटं कशाला बोलू?

मग काक रोस जेसलिनजवळ गेली, तोंडावर हात धरून काहीतरी म्हणाली. जेसलिनचे डोळे मोठे झाले. तिने वेनिंगच्या उजव्या खांद्याकडे पाहिलं, मग पुन्हा रोसकडे, जणू खरंच का असं विचारत. रोसने मान डोलावली. पुढचं शटल उंच उडालं आणि वेनिंगच्या डाव्या मागच्या कोपऱ्यात उतरायला लागलं. तिथून मारायचं तर हात डोक्यामागून वळवावा लागतो. वेनिंगने मारलं, पण आवाज बोदा आला, ओल्या चादरीवर काठी मारावी तसा. शटल जेमतेम जाळीपार गेलं. दुसऱ्यांदा तिथेच. या वेळी मी तिचं तोंड पाहिलं. दात आवळलेले, डोळ्यांत पाणी. फटका मारून हात खाली आला तो लोंबतच राहिला.

खांदा! गेले कित्येक आठवडे ती मला सांगत होती, "मागची डावी बाजू तू घे, तुझे पाय ताजे आहेत," आणि मी मूर्ख, विश्वास टाकते आहे माझ्यावर म्हणून फुगत होते. मला माहीत नव्हतं. कोचना माहीत नव्हतं, कळलं असतं तर त्यांनी तिला खेळूच दिलं नसतं. पण जी रोज रात्री शेजारच्या पलंगावर झोपते तिला माहीत नसेल? आणि आजच्या एवढ्या मॅचमध्ये काक रोसने या क्षणापर्यंत एकही शटल त्या कोपऱ्यात टाकलं नव्हतं. मी अर्धंच बघत होते. माझ्या ताईने तिचा गुडघा सांभाळला होता आणि तिने माझ्या ताईचा खांदा.

आता ते सगळं संपलं होतं. दोघी एकमेकींच्या दुखऱ्या जागेवर मारत होत्या, आणि एकमेकींना जितकं ओळखत होत्या तितक्या नेमक्या मारत होत्या. ओरडणारे लोकही हळूहळू गप्प झाले. काहीतरी बिनसलंय हे त्यांनाही कळलं असावं. एक गुण त्यांचा, एक आमचा. मी वेनिंगच्या कोपऱ्याकडे धावायला लागले की काक रोस मी सोडलेल्या जागेत टाकायची. दोनदा असं झाल्यावर वेनिंगने माझ्याकडे बघून ओठ हलवले. "तिकडेच थांब. माझं मी बघते."

विसाव्या गुणावर आम्ही एकने पुढे होतो. एक गुण आणि ऑलिंपिक. रॅली चालली, चालली, आणि शटल पुन्हा त्या कोपऱ्यात चढलं. मी अर्ध्या वाटेवर होते. गेले असते तर पोचले असते. काक रोस माझ्या जागेकडे डोळा लावून उभीच होती. जाऊ? की वेनिंगचा हात तुटू देऊ? वेनिंगचे ओठ पुन्हा हलले. "माझं." मी थांबले. आयुष्यात थांबायला एवढं जड कधी गेलं नव्हतं.

वेनिंगने हात फिरवला. जोर नव्हताच उरलेला, आणि म्हणूनच शटल हळूच जाऊन जाळीलगत काक रोसच्या डावीकडे पडायला लागलं. रोस झेपावली. रॅकेट लागली, पण गुडघा कोसळला आणि शटल तिच्याच बाजूला पडलं.

आम्ही जिंकलो. मी उडी मारली आणि हवेत असतानाच कळलं की उडी मारायची ही वेळ नव्हे. काक रोस जेसलिनच्या खांद्यावर भार देऊन जाळीपाशी आली. माझा हात धरून म्हणाली, "तिथे जाऊन मला तोंड दाखवण्याजोगं खेळ." वेनिंगच्या बोटांना तिने फक्त बोटं टेकवली. वर पाहिलं नाही.

कपडे बदलायच्या खोलीत आम्ही दोघीच होतो. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"खांद्याचं मला का नाही सांगितलंत?"

"तू पाकांना सांगितलं असतंस."

"मी? मेले असते तरी नाही!"

"तोंडाने नाही. तुझा चेहरा चुगलखोर आहे."

मला हसू आलं आणि लगेच रडू. "तुमचं ठरलं होतं ना काहीतरी?"

"हं." या वेळी तो हो होता. "खांद्यावर मारायचं नाही, गुडघ्यावर मारायचं नाही. बाकी कोर्टावर एकमेकींचा जीव घ्यायचा. जी जिंकेल ती जाईल, दुसरी निदान धड अंगाने घरी जाईल. शब्द दिला होता आम्ही."

"मग मला एवढंच म्हणायचंत त्या सुट्टीत! मी गप्प बसले असते."

"मिनिटभरात? तू काही ऐकणार होतीस? तू तर निकाल देऊनच बसली होतीस."

खरं होतं. "मग एक मुस्काटात मारायची माझ्या आणि शब्द पाळायचा. मोडलात कशाला?"

वेनिंगने डोळे मिटले. "तेवढ्या बडबडीत एकच प्रश्न विचारलास तू मला. मी कुणाची जोडीदार. त्याचं उत्तर तोंडाने देऊन चाललं असतं का? रोस माझी मैत्रीण आहे. होती. जोडीदार तू आहेस."

दोन वर्षं मी या एका वाक्यासाठी जीव टाकत होते. मिळालं तेव्हा आनंद झाला, खरंच झाला, आणि त्याच वेळी इतकी लाज वाटली की तिच्याकडे बघवेना.

दारावर टकटक झाली. पत्रकार थांबलेत, चला लवकर. वेनिंग उठली आणि सुटलेले केस बांधायला तिने हात वर नेला. हात छातीच्या वर गेला नाही. पुन्हा नेला, पुन्हा तिथेच अडला. मग तिने केसांचं रबर माझ्यापुढे धरलं. मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले आणि केस गोळा केले.

"घट्ट बांध," ती म्हणाली, "कॅमेरे आहेत."

मी घट्ट बांधले. जरा वेळ लावूनच बांधले, कारण मागे उभं असेपर्यंत मी रडलेली तिला दिसणार नव्हती.