सुकटीचा वास

मी एक जुनी बडगी आहे आणि माझ्या अंगाला सुकटीचा वास येतो. नाक दाबू नका, मित्रांनो. हा वास माझा नाही, तोताराम नावाच्या माणसाचा आहे. तो मी का सांभाळून ठेवला आहे, तेच आज सांगणार आहे.

बडगी म्हणजे भरीत कुटायचे लाकडी भांडे. माझे पोट खोलगट आहे आणि धरायला दोन बाजूंना दोन कान होते. साक्रीच्या डोंगरातल्या एका सागाच्या बुंध्यातून एरंडोलच्या वना नावाच्या सुताराने मला कोरले. मंजुळाबाईचे लग्न ठरले, तेव्हा तिच्या वडिलांनी मला करून घेतले होते. दुसऱ्या मुलींना सासरी जाताना पितळेची भांडी मिळत. मंजुळाबाईला मी मिळाले. तिच्या सासरची माणसे हसली, पण पुढे त्या हसणाऱ्यांनीच माझ्यातले भरीत बोटे चाटून खाल्ले.

तिचा नवरा रुपचंद याची दोंडाईचा स्टेशनासमोर छोटीशी खानावळ होती. कपाशीच्या आणि मिरचीच्या गाड्या घेऊन येणारे गाडीवान, कापसाच्या जिनातले कामगार, बाजाराला आलेले शेतकरी तिथे जेवत. आधी तिथे डाळ-भाकरीच मिळे. मंजुळाबाई आली आणि खानावळीचे नशीब उघडले. ती कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजायची, हिरव्या मिरच्या आणि लसूण माझ्यात ठेचायची, मग गरम वांगी टाकून लाकडी बत्त्याने हलक्या हाताने कुटायची. पाण्याचा थेंब नाही. वरून शेंगदाण्यांची फोडणी आणि कांद्याची पात. गाडीवान बैल सोडण्याआधी खिडकीतून डोकावून विचारत, आज भरीत शे का?

मंजुळाबाईचा माझ्या बाबतीत एकच नेम होता. माझ्यात भरिताशिवाय काही पडायचे नाही. चटणी पाट्यावर, मसाला खलात, आणि भरीत तेवढे बडगीत. लाकूड जे पिते ते विसरत नाही, असे तिची आई सांगायची. चातुर्मासात आमच्याकडे घरोघर वांगे बंद असते. ते चार महिने माझ्या सुट्टीचे. ती मला तेलाचा हात लावायची, धडप्यात गुंडाळायची आणि आढ्याला पालथी टांगायची. चंपाषष्ठीला खाली उतरवायची. त्या दिवशी खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की मग गावाचे वांगे सुटे. तो माझा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस.

मग मानमोडीची साथ आली आणि रुपचंद गेला. त्याचा धाकटा भाऊ तोताराम तोवर खानावळीकडे फक्त जेवायला यायचा. तेरावे उरकले तसा तो येऊन गल्ल्याशी बसला. आयत्या बिळावर नागोबा! विधवा बाई दुकानात बसलेली गिऱ्हाइकाला आवडत नाही, असे त्याने चार जणांना सांगितले आणि चौघांनी मान डोलावली. ते चौघेही मंजुळाबाईच्या हातचे जेवलेले होते. त्यांची तोंडे मी विसरले नाही.

मंजुळाबाई भांडली नाही. तिने फक्त मला मागितले. माझ्या बापाने दिलेली वस्तू आहे, एवढी घेऊन जाते, म्हणाली. तोतारामाने माझ्या एका कानाला धरून मला आपल्याकडे ओढले.

"बडगी खानावळनी शे, वहिनी. तू जाय. ती आठेच ऱ्हाई."

मला पाय असते तर मी त्याच्या पायावर पडले असते. नमस्काराला नव्हे, बोटे चेचायला.

मंजुळाबाईने रस्त्यापलीकडे निंबाखाली चूल मांडली. कोणाकडून तरी आणलेल्या दगडी खलात तिने भरीत करून पाहिले. दगड वांग्याच्या बिया चिरडतो, भरीत कडवट आणि लगद्यासारखे होते. लोकांनी कीव म्हणून एकदा खाल्ले आणि पुन्हा मागितले नाही. मग तिने भरीत सोडलेच. नुसती ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा विकू लागली. भाकरी थापताना तिची नजर खानावळीच्या दाराशी यायची, मला शोधायची. मी आत पडलेली असायची. त्या नजरेने मला जे वाटायचे, त्याला दुःख म्हणू नका. तो राग होता.

तोतारामाने भरीत कुटायला आचारी ठेवला. तो माझ्यात बत्ता असा आपटायचा की जणू मी त्याचे कर्ज बुडवले आहे. तरी खानावळ चालली. लोकांना वाटे, बडगी तीच आहे ना!

मग आषाढ आला आणि वांगे बंद झाले. मला वाटले, आता धडपे, आता तेल, आता आढे. पण तोतारामाला रिकामी वस्तू बघवत नसे. पावसाळ्यात गाडीवानांना झणझणीत काही हवे असते आणि सुरतेकडच्या गाडीने सुकट, म्हणजे वाळवलेली बारीक मासळी, येत असे. त्याने विचार केला, बडगी चार महिने रिकामी का बसवायची? आणि माझ्यात लसूण-मिरची घालून सुकट कुटायला लावली. रोज. वरून राखेने घासून, ऊन पडले की मला उन्हात ठेवायचे. उन्हाने मला बारीक भेगा पडल्या आणि प्रत्येक भेगेत सुकट जाऊन बसली.

आधी मला किळस आली. मग एके दिवशी लक्षात आले की हे हत्यार तोताराम स्वतःच्या हाताने माझ्या पोटात भरतो आहे. त्या दिवसापासून मी सुकट कुरकुर न करता प्याले. एक कणही बाहेर सोडला नाही.

चंपाषष्ठीला कौतिकनानांनी खानावळीत पंगत सांगितली. कौतिकनाना म्हणजे बाजारातले मोठे दलाल, गळ्यात तुळशीची माळ, अंड्यालासुद्धा न शिवणारे. त्यांचा शब्द बाजारात कोणी मोडत नसे. तोताराम हरखून गेला. मला त्याने दोनदा राखेने घासले, स्वतः हुंगले. थंड कोरड्या लाकडाला कसला वास येणार? तो खूश झाला.

मग भाजलेली गरम वांगी माझ्यात पडली. मित्रांनो, लाकूड ऊब मिळाली की सगळे सोडते. चार महिने धरलेले सगळे मी सोडले. मनापासून सोडले.

नैवेद्य खंडोबाला गेला. पाने वाढली. कौतिकनानांनी पहिला घास तोंडाजवळ नेला आणि हात तिथेच थांबला.

"तोताराम, या भरीतले कसाना वास शे?"

काड्यांचा धूर असेल, असे तोताराम म्हणाला. पंगतीच्या टोकाला उखर्डू गाडीवान बसला होता. भोळा माणूस, पोटात काही न ठेवणारा. त्याचा अर्धा घास केव्हाच आत गेला होता.

"धूर नही, नाना. सुकट शे. बठ्ठा पावसाळा मी आठेच खादी."

कौतिकनानांनी घास पानावर ठेवला.

"देवलेबी हाईच दिधं का?" त्यांनी हळूच विचारले.

ते उठले. पंगत उठली. रस्ता ओलांडून सगळे निंबाखाली जाऊन बसले आणि नानांनी मंजुळाबाईला सांगितले, बाई, जे असेल ते वाढ. त्या चंपाषष्ठीला दोंडाईच्यातल्या बड्या पंगतीने भाकरी आणि ठेचा खाल्ला. मंजुळाबाईची एकही भाकरी करपली नाही.

इकडे तोतारामाने मला उचलून काड्यांच्या जाळात फेकले. माझा एक कान जळाला. मी म्हटले, जळू दे, माझे काम झाले. पण मंजुळाबाई धावत आली आणि तिने मला जाळातून ओढून काढले. तोताराम बाजूला सरकला.

तिने मला राखेने घासले, चिंचेच्या पाण्याने धुतले, सावलीत वाळवले, तेल पाजले. वास गेला नाही. माझ्यात तोंड घालून ती पुन्हा पुन्हा हुंगायची. एक दिवस तिने एरंडोलहून नवी बडगी आणली. तोतारामाची खानावळ बंद पडली होती. त्याच जागेत मंजुळाबाईने आपली खानावळ थाटली आणि मला भिंतीला टांगले. तिथे ती नवी बडगी, कालची पोरगी, रोज माझ्यासमोर भरीत कुटून घेते. मी पाहते. सूड घ्यायला मला माझे पोट द्यावे लागले, हे मी कोणाला सांगत नाही. तुम्हाला सांगितले.

तोताराम पुढे मिरचीच्या बाजारात हमाली करू लागला. बायको वारली, घरी चूल पेटेना. मग तो कुठे जेवायला येणार? खानावळीत. कोपऱ्यात बसतो, मान खाली घालून डाळ-भाकरी खातो आणि जातो. गेल्या चंपाषष्ठीला मात्र त्याची जीभ सुटली. सगळ्यांची पाने पाहून म्हणाला, "वहिनी, मलेबी भरीत वाढ ना."

मंजुळाबाईने एक वांगे बाजूला काढले. नव्या बडगीकडे पाहिले आणि मला भिंतीवरून उतरवले. कित्येक वर्षांनी माझ्यात गरम वांगे पडले. तिचा हात अजून तसाच हलका आहे. तिने ते भरीत तोतारामाच्या पानात वाढले. त्याने घास उचलला, हुंगला आणि वर पाहिले.

"खा, भाऊ," ती म्हणाली. "तुनीच चव शे."

त्याने सगळे खाल्ले. डोळे पुसत खाल्ले. मंजुळाबाई पाठमोरी झाली, तिला तेवढ्यात समाधान वाटले असावे. ती माणूस आहे. मी लाकूड आहे.

तेव्हा मित्रांनो, घरातली बडगी जपा. तिला तेल द्या, सुट्टी द्या, तिच्यात भलतेसलते कुटू नका. आणि दुसऱ्याची असेल तर तिला ओढून घेऊ नका. येत्या चंपाषष्ठीला तोताराम पुन्हा जेवायला येईल. मी भिंतीवर वाट पाहते आहे.