वाघाटीची डरकाळी

बद्रीनाथ मिक्सर दुरुस्त करायचा आणि माणसं बिघडवायचा. पन्नाशी उलटली तरी खोडी जात नव्हती. एका सकाळी सोसायटीच्या गेटवर तो पद्मजाबाईंना म्हणाला, "बाई, आठ दिवसांत अख्ख्या सोसायटीला मांजराच्या पाया पाडतो. लावता पैज?"

पद्मजाबाई जीवशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका. "अहो, इथे निम्मे इंजिनिअर राहतात."

"म्हणूनच सोपं आहे."

"बरं. हरेल त्यानं चौकात कान धरून अकरा उठाबशा."

दुसऱ्याच दिवशी फुरसुंगीकडे ऊसतोडीत मुठीएवढं ठिपक्यांचं पिल्लू सापडलं. मजूर म्हणाले, "बिबट्याचं हाय, लांबच ठिवा!" बद्रीनाथनं ते टोपलीत घालून थेट चौकात आणलं. त्याचा मांडववाला दोस्त साई भगवं गुंडाळून महाराज झाला.

"भक्तहो, हा देवीचा वाघ! वाढणार होता, पण पुण्यात पार्किंग कुठंय? म्हणून देवीनं आकसवला! विचारा प्रश्न. डरकाळी आली की होकार!"

"महाराज, माझं प्रमोशन?"

डर्रर्र!

"लेकीचा व्हिसा?"

डर्रर्र! दोन दिवसांत रांग पार हायवेला टेकली. नारळांचा ढीग लागला. बद्रीनाथ कोपऱ्यात उभा राहून पोट धरून हसत होता.

मग रांगेतून पद्मजाबाई आल्या. टोपलीत वाकून बराच वेळ बघितलं आणि त्याच्याकडे वळल्या.

"ही वाघाटी. कपाळावरच्या रेघा बघा, तांबूस ठिपके बघा. रानमांजरांत सगळ्यांत लहान, पुरी वाढली तरी दीड किलोच्या आसपास. भारत, नेपाळ, श्रीलंका, बाकी जगात कुठेच नाही. उसात विते बिचारी. आई शोधत असेल हिला."

बद्रीनाथनं टोपलीतल्या दुधाच्या बशीकडे पाहिलं. पिल्लानं कालपासून बशीला तोंड लावलं नव्हतं.

"असो. पैज मी हरले," म्हणत बाईंनी पदर खोचला, कान धरले. "एक."

गुडघे कुरकुरले. रांगेतून कुणीतरी फिदीफिदी हसलं. दुसरीला बद्रीनाथनं त्यांचे हात धरले.

"नको बाई."

त्यानं टोपलीखालच्या चौरंगावरून लोंबणारं फडकं उचललं. खालून स्पीकर घरंगळला. खिशातला मोबाइल काढून त्यानं सगळ्यांसमोर बटण दाबलं. डर्रर्र! टोपलीतलं पिल्लू थरथरत कोपऱ्यात दबलं.

"प्रत्येक होकाराला ते असं कापत होतं," बद्रीनाथ म्हणाला. "मला दिसत होतं. तरी दाबत होतो."

"मग माझं प्रमोशन?"

"काम करून बघा एकदा," पद्मजाबाई म्हणाल्या.

महाराज लुंगी सावरत पळाले. बद्रीनाथनं स्वतःच वनखात्याला फोन लावला, बोलणी खाल्ली. त्यांच्या माणसांनी पिल्लू तपासलं, खोक्यात घालून ते सापडलं त्याच उसाच्या बांधावर ठेवलं आणि सगळ्यांना लांब हटवलं. पहिल्या संध्याकाळी कुणीच आलं नाही. बद्रीनाथला जेवण गेलं नाही. दुसऱ्या संध्याकाळी न तोडलेल्या उसातून एक इवलीशी मांजरी आली, पिल्लाची मान तोंडात धरली आणि गेली.

रविवारी चौकात बद्रीनाथनं कान धरले.

"अहो, जिंकलात की तुम्ही!" लोक ओरडले.

"कसला जिंकतोय! ऐका. पुढच्या वेळी कुणी चमत्कार दाखवला, तर पाया पडण्याआधी फडकं उचलून बघा. आणि उसात पिल्लू दिसलं, तर हात लावू नका, वनखात्याला कळवा. मोजा आता."

लोकांनी अकरा मोजल्या. तो थांबला नाही.

"ही बारावी कसली?"

"बाईंना उगाच काढायला लावली ती," बद्रीनाथ म्हणाला, आणि खाली बसला.