पाटाच्या टोकाची दुरुस्ती

ताश्कंदच्या त्या ऑफिसात परक्या कोडला हात लावायला सगळे टरकत. मुहय्यो तेवढी टरकत नव्हती. फरगाण्यातल्या कालव्यांची दारं ठरल्या वेळी उघडणारी प्रणाली तिच्याकडे होती, आणि त्यातला पाळ्या लावणारा भाग बाहेरच्या कंपनीकडून विकत घेतलेला. पाळी मध्यरात्र ओलांडणारी असली, की हा शहाणा बाराच्या ठोक्याला दार बंद करी. पाटाच्या टोकावरच्या शेतांची पाळी नेमकी तेव्हाच. गेल्या उन्हाळ्यात तिथला मिराब, म्हणजे पाटकरी, एर्गश-बोबो यांनी फोनवर तिचा असा उद्धार केला की तिला रडू फुटलं. मग तिनं तीन ओळींची दुरुस्ती केली.

तेव्हापासून तिची शिस्त ठरलेली. बाहेरून आलेला कोड एका शाखेत, म्हणजे वेगळ्या प्रतीत, जसाच्या तसा. त्याला बोटही लावायचं नाही. आपल्या दुरुस्त्या दुसऱ्या शाखेत, एकेक सुटी, प्रत्येकीखाली कारण आणि नाव. नवी आवृत्ती आली की त्या तिच्यावर चढवून पाहायच्या. आज अशीच एक आली होती.

"एवढा खटाटोप कशाला?" तिचे साहेब फर्रुख आका चहाची पियाली घेऊन आले. "जुनं उडव, नवं टाक. सोमवारी पाणी सुटतंय."

"टाकलं, आका. दोन चुका कंपनीनंच सुधारल्यात, त्या आपल्या दुरुस्त्या मी काढल्या. मध्यरात्रीची चूक तशीच आहे. ती दुरुस्ती राहणार."

"करारात काय लिहिलंय? हात लावलात तर आम्ही जबाबदार नाही. काढ ती."

"आणि टोकावरच्यांनी काय, करार प्यायचा?"

"जीभ आवर, पोरी!"

"आवरते. तुम्हीच काढा." तिनं खुर्ची रिकामी केली. "पण कारण लिहावं लागतं. लिहा, टोकाचं पाणी तोडलं. खाली तुमचं नाव. एर्गश-बोबोंना मीच वाचून दाखवीन."

आका बसले. 'साफसफाई' असं लिहिलं. तिनं ते मोठ्यानं वाचताच खोडलं. चहा निवला.

"राहू दे तुझंच नाव," ते उठत म्हणाले. "काही बिघडलं तर नोकरी गेली समज. मी मध्ये पडणार नाही."

"याआधी कधी पडलात?"

ते गेल्यावर तिला भीती वाटली, खोटं कशाला बोला. दुरुस्तीच्या टिपणात तिनं गेल्या वर्षी भीतभीत 'तात्पुरती' असं लिहिलं होतं. तो शब्द तिनं काढून टाकला, वडिलांच्या नावासकट आपलं पूर्ण नाव घातलं आणि नवी आवृत्ती कालव्यावर पाठवून दिली.