साधी सूज

धाकटीनं खुर्ची टेबलाला वळसा घालून बाईच्या शेजारी ओढली आणि तिचा हात हातात घेतला. असं करायचं असतं की नाही, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. निळ्या स्वेटरातल्या या बाईच्या पोटातली गाठ साधी नव्हती, आणि ते तिला सांगायचं काम आज धाकटीच्या वाट्याला आलं होतं.

"म्हणजे मी बरी होणार नाही," बाई म्हणाली. प्रश्न नव्हताच तो.

घरातली धाकटी असली तरी ती डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला पोचली होती. हाडांची नावं झोपेतून उठवून विचारली असती तरी धडाधड सांगितली असती, पण याचं उत्तर कुठल्या पुस्तकात नव्हतं. कॉलेजनं तिला आणि आणखी काही जणांना थोड्या दिवसांसाठी या परक्या देशात पाठवलं होतं ते यासाठीच. इथले दवाखाने कसे चालतात, आपले कसे चालतात, ताडून बघा म्हणून. इथं जे असेल ते आधी पेशंटला सांगतात. तिच्याकडे रिपोर्ट घरातल्या कर्त्या माणसाच्या हातात जातो आणि पेशंटच्या पदरात पडतं ते 'काळजी करू नका'.

बाईच्या डोळ्यांत पाणी तरारलं, आणि ते पाहून धाकटीचा धीर सुटला.

"माझ्या वडिलांनाही हेच झालंय," ती म्हणाली.

मग ती थांबलीच नाही. इकडे यायच्या आधी बाबांचा रिपोर्ट आला होता. दादानं तिला जिन्यात गाठून शपथ घातली होती, आईनं तर पोटच्या पोरीपुढे हात जोडले होते. बाबांचा विश्वास घरातल्या डॉक्टरवर, म्हणून खोटं बोलायचं कामही डॉक्टरकडेच आलं. साधी सूज आहे, उतरेल, असं तिनंच सांगितलं. रोज फोनवर तेच सांगते आणि रोज जेवण घशाखाली उतरत नाही. हे तिनं हॉस्टेलच्या खोलीतल्या मैत्रिणीलाही कळू दिलं नव्हतं. बाईनं आपला दुसरा हात तिच्या हातावर ठेवला. या परमुलखात एक तरी आपलं माणूस भेटलं, असं धाकटीला अगदी मनापासून वाटलं.

तेवढ्यात घंटा वाजली. बाईनं हात सोडवून घेतला, डोळे पुसले आणि उठून खिशातला चष्मा नाकावर चढवला.

"छान," ती म्हणाली. आवाज पार निराळाच होता. "खुर्ची जवळ ओढलीस ते फार आवडलं मला. डोळ्यांत बघून बोललीस. फक्त शेवटी स्वतःबद्दल जरा जास्त झालं."

भिंतीवरच्या आरशाशेजारचं दार उघडलं आणि शिकवणाऱ्या मॅडम बाहेर आल्या. त्यांच्या मागून बरोबरची सगळी मुलं. तो आरसा नव्हताच, पलीकडून काच होती. बाई पेशंट नव्हती, मुलांच्या सरावासाठी पेशंटचं सोंग घेणारी पगारी नटी होती. हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मॅडम म्हणाल्या. पहिल्या दिवशी धाकटी व्हरांड्यात उभी राहून फोनवर दादाला बाबांच्या तपासण्या समजावत होती. आणि शंका तरी कशी यावी? तिच्या दवाखान्यात खरे पेशंटच संपता संपत नाहीत, एकेका खाटेवर दोघं दोघं झोपतात, तिथं खोटे कुणाला सुचणार! खोलीतली मैत्रीण आपल्या बुटांकडे बघत राहिली. धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बाई खाली कोट चढवत होती, तिथं धाकटीनं तिला गाठलं.

"मला माहीत नाही, हे तुम्हाला कळलं होतं ना?"

"कळलं. पण अर्ध्यावर."

"मग थांबवलं का नाहीत?"

बाई कोटाचं एकच बटण पुन्हा पुन्हा लावत राहिली. "कसं सांगावं तेच सुचेना. तू इतकं जीव लावून बोलत होतीस. आत्ता सांगते, मग सांगते, असं करता करता राहून गेलं."

"सगळ्यांना माहीत होतं," धाकटी म्हणाली. "तिथल्या एकूण एक माणसाला. एक मी सोडून."

म्हटलं आणि ते तिच्याच कानात घुमत राहिलं. बाईकडे न बघता ती बाहेर पडली.

संध्याकाळी ती हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात भांडं घासत होती, तेव्हा बाबांचा फोन आला. काय म्हणतात डॉक्टरीणबाई, अशी नेहमीची सुरुवात. रडणं दडवायला तिनं खोट्या पेशंटची गंमत रंगवून सांगितली. आपण काय बोललो तेवढं वगळलं, खुर्चीचं कौतुक मात्र सांगितलं. बाबा ठसका लागेपर्यंत हसले.

"तुला जराही शंका आली नाही?"

"नाही हो. खरीखुरी रडली ती."

"मग आपल्या कामात पक्की आहे." बाबा म्हणाले. "आपल्या घरात कुणाला जमत नाही तसं. दादा हल्ली माझ्याशी भांडत नाही, रिमोट आपण होऊन हातात देतो. आई चहात मागेन तेवढी साखर घालते. मला काय कळत नाही?"

धाकटीनं नळ बंद केला.

"कधीपासून बाबा?"

"साधी सूज म्हणालीस आणि माझ्याकडे बघितलं नाहीस, तेव्हापासून."

इतके दिवस रोज धाकटी सूज सांगत होती आणि रोज ते बरं म्हणत होते.

"फोनवर नको आता," बाबा म्हणाले. "आलीस की सांग सगळं. खुर्ची जवळ ओढून बस, तशी. आणि आईला कळू देऊ नकोस मला कळलंय ते. तिला वाटतंय, तिला छान जमतंय."

पलीकडे दार वाजलं. कुणाचा फोन म्हणून आईनं विचारलेलं धाकटीला इकडे ऐकू आलं, आणि लगेच बाबांचा आवाज, एकदम खणखणीत:

"धाकटीचा गं. म्हणतेय, सूज आता उतरत आली असेल."