गिरगावातला जिनिव्हाकर

वाडीच्या वाचनालयात त्या रविवारी सकाळी वीस माणसं होती, सतरा खुर्च्या होत्या आणि टेबलावर सहा वर्तमानपत्रं होती. पाच मराठी, एक गुजराती. ते गुजराती पत्र वाचणारा सभासद एकच, मनमोहन पारेख. तो खिडकीच्या चौकटीत बसला होता.

ठराव अच्युतचा होता: यापुढे सभासदत्व फक्त मराठी मातृभाषा असणाऱ्यांना. अच्युतचा मावसभाऊ लवू मराठी राज्याच्या चळवळीवर जानेवारीत झालेल्या गोळीबारात गेला होता, त्यामुळे अच्युतशी कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

"आधी वाद, मग मतं," अध्यक्ष बाबुराव म्हणाले. "आपल्या वाचक-मंडळाची रीत आहे. चिठ्ठी निघेल ती बाजू मांडायची, जीव ओतून मांडायची. बोलणाऱ्या दोघांना मत नाही. मी बरोबरी झाली तरच देईन."

रीत पडली होती ती विषय नीट समजावा म्हणून. आजवर तिच्यापायी कुणाचं काही बिघडलं नव्हतं. वादाला आधार महिनाभर वाचलेल्या तत्त्वज्ञाचा घ्यायचा होता. अठराव्या शतकातला, जिनिव्हाचा. वाडीत सगळे त्याला जिनिव्हाकर म्हणत, जणू मुरुडच्या पुढचंच गाव ते.

सरोजिनीला विरोधाची चिठ्ठी आली, हेरंबला ठरावाच्या बाजूची. तो आणि मनमोहन एकाच जिन्यावर वाढलेले. हेरंबला विषमज्वर झाला तेव्हा बर्फासाठी मनमोहनच धावायचा.

"जीव ओतून हां, हेरंब," मनमोहन खिडकीतून म्हणाला. "नाहीतर म्हणतील, पारेखानं जिलबी चारली."

हशा झाला आणि लगेच विरला.

हेरंब उठला. प्रमेय सिद्ध करावं तसा एकेक पायरी चढत गेला. लोकशाही म्हणजे नुसती डोकी मोजणं नव्हे. सगळ्यांचं मिळून जे हित, ते ओळखणं. राष्ट्राला एक सामाईक श्रद्धा लागते. देवळातली नव्हे, नागरिकाची; आणि ती भाषेतूनच येते. "मत देताना जिनिव्हाकर तुला काय हवं ते विचारत नाही. सगळ्यांच्या हिताचं काय, ते विचारतो. स्वतःपुरतं पाहील तो नागरिकच नव्हे!" आवाज चढला होता, आणि चढलेला त्याला आवडत होता.

सरोजिनी ताडकन उठली. "त्याचीच पुस्तकं त्याच्याच गावानं जाळली, ते नाही सांगितलंस! आणि ही श्रद्धा मोजायची कशानं? मोर्च्याला मनमोहन आपल्याबरोबर होता. तेव्हा विचारली होतीस त्याची मातृभाषा, अच्युत?"

"तेव्हा आमचा लवू जिवंत होता, सरू."

सरोजिनी खाली बसली.

"बाजूने हात वर," बाबुराव म्हणाले. "हेरंब, मोज."

आठ हात. वीसमधून तिघं वजा, उरले सतरा. म्हणजे विरोधात नऊ. हेरंबनं श्वास सोडला आणि आकडा सांगायला तोंड उघडलं.

तेवढ्यात खिडकीत एक हात वर गेला.

"मन्या, खाली घे. हे काय करतोस?" हेरंब म्हणाला.

"मला काय हवं ते विचारायचं नाही, तूच म्हणालास ना?" मनमोहन म्हणाला. "मी आलो की अच्युत उठून जातो हल्ली. महिनाभर बघतोय. वाचनालय त्याचंही आहे."

"बाबुराव, हा हात हिशेबात धरू नका!" सरोजिनी ओरडली.

"तो सभासद आहे," बाबुराव हळूच म्हणाले. "ठराव होईपर्यंत आहे. मोज, हेरंब."

हेरंबनं पहिल्यापासून मोजलं. मग विरोधातले हात मोजले.

"बाजूने नऊ," तो म्हणाला. "विरोधात आठ."