वैशाखातली कोकरं

वीरप्पाला त्यात काय मिळणार होतं, ते आधी मांडतो. बेंबळीच्या शिवारात त्याचं रान मुरमाड आणि खताला हावरं. अशा रानात रात्री मेंढरं बसवली की लेंडीमुताचं खत आपसूक पडतं. बदल्यात धनगराला रातीला दोन पायल्या जोंधळा. लिंबाजी धनगर दोन-तीन रात्री बसायचा, की वाघर, म्हणजे कळपाभोवतीचं जाळं, गुंडाळून दुसऱ्याच्या रानात. एक जुनी सवलत मात्र होती. कळप व्यायला बसला तर तो स्वतःच्या गरजेनं बसतो, म्हणून त्या रात्रींचा जोंधळा कुणी मागायचा नाही. कोकरं चालती होईस्तोवर महिना जातो. महिनाभर फुकट खत! हा हिशोब करताना वीरप्पाची बोटं जेवणाच्या ताटावरही हलायची.

अडचण एवढीच, की लिंबाजीच्या मेंढ्या भाद्रपदात व्यायच्या, नळदुर्गाकडं, बोरी नदीच्या काठाला. तेव्हा तिकडं गवत असतं आणि मेंढीला दूध उतरतं. वेळ साधावी म्हणून एडक्याच्या, म्हणजे कळपातल्या नराच्या, पोटाखाली लंगोट बांधलेला असायचा. तो पाडव्यानंतर सुटायचा, आणि मग पाच महिन्यांनी कोकरं. ही सगळी माहिती लिंबाजीनंच वीरप्पाला पानसुपारी खाताना दिली होती. शहाण्या माणसाची फुशारकी, दुसरं काय.

निजामाच्या राज्यातले ते कंट्रोलचे दिवस. रॉकेल मिळायचं नाही, साखर दिसायची नाही. पण मार्गशीर्ष संपता संपता मेंढरांची घुंगरं वाजली, की गावाला बरं वाटायचं. ओल्या लोकरीचा तो वास आता बेंबळीत कुठं येत नाही.

त्या मार्गशीर्षात लिंबाजी नि त्याची बायको सारजा बाजाराला निघाले, तर वीरप्पा स्वतःहून म्हणाला, "जा की खुशाल. कळपाची फिकीर नको, म्या बसतो." त्याच दुपारी त्यानं एडक्याचा लंगोट सोडला आणि परत असा ढिला बांधला, की दिसायला लंगोट होता आणि कामाला नव्हता. कळप गाव सोडून गेला. पुढचं काम एडक्यानं केलं.

वैशाखात कळप परत आला, तो पोटं खाली सुटलेल्या मेंढ्यांचा. वीरप्पाच्याच रानात वाघर लागली आणि चारच दिवसांत कोकरं पडायला लागली.

"बस निवांत, लिंबाजी," वीरप्पा म्हणाला. "रान तुझंच हाय."

"रान हाय, अण्णा, पण चारा कुठं हाय? मेंढीच्या कासंत थेंब न्हाय," लिंबाजी म्हणाला. मग बायकोकडं बघून, "हिनं गाठ ढिली मारली. माझं वरीस बुडवलं."

सारजा बाभळीच्या शेंगा झोडतच राहिली.

दुधावाचून पहिली दोन कोकरं गेली. तिसरं मान टाकून पडलं होतं, तेव्हा वीरप्पाची बायको जगदेवी विहिरीवर आली. तिनं ते उचलून पदरात घेतलं, घरी नेलं आणि म्हशीच्या दुधात चिंधी बुडवून चोखायला दिली. संध्याकाळी तिच्या अंगणात सहा कोकरं होती. वीरप्पाच्या ताटातलं दही त्या दिवसापासून बंद झालं.

"अगं, मला काय वाढशील का न्हाय?"

"तुमाला दात हायत," जगदेवी म्हणाली.

पण म्हैस एक आणि तोंडं तीसेक. मेंढ्यांनाच पान्हा फुटायला हवा होता, आणि त्याला सरकी पाहिजे. सरकी वीरप्पाच्या खोलीत होती, बैलांसाठी, कुलपात. लिंबाजीनं दोनदा मागितली. वीरप्पानं दोनदा किल्ली हरवली.

तिसऱ्या दिवशी सारजा एडका घेऊन थेट वीरप्पाच्या ओट्याशी आली. हातात नवं कापड. ओट्यावर चार माणसं होती, जगदेवी दारात.

"अण्णा, लंगोट नवा बांधायचाय. ह्यांचे हात कोकरांत गुंतल्यात. जरा गाठ मारा की, म्या एडका धरते."

वीरप्पा खुशीत वाकला आणि सवयीनं गाठ मारली.

सारजानं कमरेच्या पिशवीतून जुना लंगोट काढला आणि नव्याशेजारी धरला. गाठ तिनं सोडली नव्हती, कापड कापून काढलं होतं. "पौषात ढिला सापडला ह्यो. आमी धनगर असली गाठ मारत न्हाय."

जगदेवीनं दोन्ही गाठी पाहिल्या. मग दावणीला बांधलेल्या बैलांच्या दाव्यांकडं पाहिलं. गाठ तीच.

"पौषापासनं तुला ठावं होतं?" अंगणात कोकरांपाशी बसलेला लिंबाजी तिथूनच ओरडला. "मग म्या नळदुर्गाकडं चला म्हनलो, तवा का न्हाय म्हनलीस?"

"नदी वैशाखात कोरडी. तिथं सरकी कुनी दिली असती?" सारजा म्हणाली. "ज्याची गाठ, त्याच्या दारात आनली."

जगदेवी दारातून एवढंच म्हणाली, "अहो, किल्ली." ती वीरप्पाच्या कमरेच्या करगोट्यालाच होती.

सरकी रोज भिजली. ऊन कलता मेंढ्या पाजायच्या आणि त्या शांततेत जगदेवीच्या अंगणातून कोकरांचा बारीक आवाज यायचा. सासरी गेलेली तिची लेक आल्यासारखं घर भरलेलं असायचं.

आता मांडणी. खत पडलं, वीरप्पाचा जोंधळा त्या साली उंच झाला. सरकी संपल्यानं बैल खंगले आणि त्याची पेरणी सगळ्यांच्या मागून झाली. पुढच्या मार्गशीर्षात वाघर शेजारच्या शांतलिंगाच्या रानात लागली आणि पुढं कायम तिथंच लागली. जगदेवी तिथं कोकरं बघायला बांध ओलांडून जायची. लिंबाजीनं बायकोवर ठेवलेला ठपका चारचौघांत परत घेतला, एवढं सारजाच्या खात्यात. त्याचा भाद्रपद मात्र कोकरांवाचून गेला. आणि मेंढ्या? वैशाखाच्या उन्हात व्याल्या, हाडं निघेस्तोवर पाजलं, आणि तरी सात कोकरं बांधाखाली पुरावी लागली. लबाडी वीरप्पाची, मौन सारजाचं, भरलं मेंढ्यांनी.